पाणी कधी गेले?
(गरोदर लेकीसुनांची पाणमोट मुदतीआधी फुटते त्याविषयी)



या पानावर आपण दर खेपेस बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट, हुमणीचा बंदोबस्त, तोडणीचा कार्यक्रम असे विषय वाचता. या अंकातील विषय त्यांपैकी नाही. खरे तर तो डॉक्टरांनी लिहावयाचा. परंतु फडात आम्ही जे पाहिले त्यात आमच्या शेतकी खात्याचा वाटा आहे, आणि ऊस पिकवणारे म्हणून आपणा सर्वांचाही आहे. म्हणून लिहिण्याचे काम आम्हीच अंगावर घेतले. वैद्यकीय भाग मात्र आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून मगच छापावयास दिला आहे.

विषय बाळंतपणाचा आहे म्हणून पुरुष मंडळींनी पान उलटू नये. गाडी कधी काढायची, पैसे कुणी द्यायचे, दवाखान्यात आज न्यायचे की उद्या, हे आपल्याकडे अजून पुरुषच ठरवतात. तेव्हा हे वाचायचेही त्यांनीच आधी.

एक काटापट्टी

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. जानेवारीचा दुसरा पंधरवडा होता. एका सभासदाच्या अडीच एकर खोडव्याची तोड चालू होती. टोळी बारा कोयत्यांची, मुखेडच्या डोंगरी भागातून आलेली. त्या टोळीत नवी लग्न झालेली एक पोरगी होती. आधार कार्डावर वय एकोणीस. सासूच्या तोंडचा हिशोब वेगळा होता, "सोळा सरून सतरावं लागलंय बगा." पोरगी आठव्या महिन्यात होती.

त्या दिवशी पहाटे मोळी उचलताना तिच्या अंगावरून पाणी गेले. लघवी झाली असेल असे तिला वाटले. नव्या सुनेने हे सांगायचे तरी कुणाला? तिने धडपा बांधला आणि काम चालू ठेवले. दुपारी जेवायला बसल्यावर सासूच्या ध्यानात आले. सासूने तीन बाळंतपणे कोपीतच पार पाडलेली. ती म्हणाली, "पाणी जायलंय पण कळा न्हाईत. अजून टैम हाय." पोरगी बांधाला बसून वाढ्याच्या पेंढ्या बांधू लागली.

चार वाजता आम्ही फडावर गेलो. मुकादम सहज बोलून गेला, "साहेब, एका पोरीला जरा बरं नाही, बसलीय तिकडं." आम्ही त्याला काय विचारले, ते इथे लिहिताना लाज वाटते. आम्ही विचारले, "पण आज ट्रॉली भरंल ना?" दोन दिवसांपासून गव्हाणीला ऊस कमी पडत होता आणि आमच्या डोक्यात तेवढेच होते. ट्रॉली भरली. काट्यावर वजन झाले ते सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी. ती वेळ आजही सांगता येते, कारण काटापट्टीवर ती छापलेली आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुकादमाचा फोन आला. पोरीला ताप भरला होता, ती थरथर कापत होती. आमची जीप घेऊन आम्ही तिला दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "पाणी कधी गेलं?" सासू म्हणाली काल दुपारी. नवरा म्हणाला परवा रात्री असंल. पोरगी काही बोलेना. आम्ही शेजारी उभे होतो, आम्हालाही सांगता येईना. खिशात मात्र कालच्या खेपांच्या सगळ्या काटापट्ट्या होत्या, किलोसकट आणि मिनिटासकट.

मूल १ किलो ४०० ग्रॅमचे झाले. चार दिवस जगले. पोरगी वाचली, पण जंतुदोषाने पंधरा दिवस खाटेवर होती. तिचा नवरा मुकादमाच्या वहीत त्या दिवसांचे खाडे मांडून घेत होता.

पाणमोट म्हणजे काय?

विहिरीवरची मोट जुन्या सभासदांनी हाकलेली आहे. पाणी भरलेले ते कातडे जसे, तशीच गर्भाशयात मुलाभोवती पाण्याने भरलेली पातळ पिशवी असते. तिलाच आपल्या आयाबाया पाणमोट म्हणतात. ती दोन पदरांची असते. आतल्या पाण्यात मूल तरंगत असते. धक्का लागला तर पाणी तो झेलते. मुलाला हातपाय हलवायला जागा मिळते. मूल ते पाणी गिळते, छातीत ओढते, आणि त्यामुळे त्याची फुप्फुसे वाढीस लागतात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ही पिशवी शाबूत आहे तोवर खालच्या वाटेने जंतू सहसा वर जात नाहीत. शेताला जसे कुंपण, तशी ही राखण.

दिवस पुरे भरल्यावर कळा सुरू होतात, पिशवीचे तोंड उघडते आणि पाणी जाते, असा सर्वसाधारण क्रम. डॉक्टर हा हिशोब शेवटच्या पाळीपासून ४० आठवड्यांचा धरतात. ३७ आठवडे पुरे झाल्यावर मूल मुदतीचे समजतात. कळा नसताना आधीच पाणमोट फुटणे हे पुऱ्या दिवसांतही शंभरांत साधारण आठ जणींना होते. अशा बहुतेक जणींना एखाद्या दिवसात कळा येतात. तरीही दवाखान्यातच थांबावे लागते. कारण राखण गेलेली असते.

खरी भीती ३७ आठवड्यांआधी पाणी जाण्याची. हे शंभर गरोदर स्त्रियांत सुमारे तिघींना होते. आकडा लहान दिसतो. पण मुदतीआधी जन्मणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांच्या मागे हेच कारण असते. अशा वेळी दोन संकटे एकदम येतात. मूल कच्चे असते आणि जंतूंना दार उघडे मिळालेले असते.

आपल्या गोठ्यात हे सगळ्यांना कळते. म्हशीची पाणमोट फुटली आणि तास-दोन तासांत पारडू दिसेना, की आपण पशुवैद्याला फोन लावतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी लावतो. म्हैस ऐंशी हजारांची आहे हे आपणांस ठाऊक असते.

का फुटते?

बऱ्याच वेळा नेमके कारण सापडत नाही, आणि बाईचा त्यात काही दोष नसतो, हे आधी सांगितले पाहिजे. "वाकली कामून, उचललं कामून" असे सुनेला बोलण्यात अर्थ नाही. तरी काही कारणे डॉक्टरांना चांगली ठाऊक आहेत.

पहिले आणि मोठे कारण म्हणजे जंतुदोष. लघवीच्या वाटेचा आणि योनिमार्गाचा. जंतूंमुळे पिशवीचे पदर कुजल्यागत कमजोर होतात. आता आपला फड डोळ्यांसमोर आणा. पहाटे चारपासून काम. आडोसा नाही, म्हणून बाई दिवसभर लघवी दाबून धरते. लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच कमी पिते. कोपीजवळ न्हाणी नाही, धुतलेला कपडा उन्हात वाळवायची सोय नाही. लघवीला जळजळ, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे हे रोजचेच म्हणून ती कुणाला सांगत नाही. दुखणे अंगावर काढण्याची ही सवय पुढे कुठे जाते ते शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवले आहे. तेथे २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. राज्यभर त्याची चर्चा झाली, विधिमंडळात प्रश्न झाले, समिती बसली.

दुसरे कारण तंबाखू. मशेरीही त्यातच येते. कोवळ्या पोरीसुद्धा भूक मारायला मशेरी लावतात हे आम्ही पाहतो. तिसरे, अशक्तपणा आणि निकस खाणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९ ते २०२१) महाराष्ट्रातील जवळजवळ निम्म्या गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. चौथे, जुळे असणे किंवा गर्भजल फाजील असणे. पाचवे, गरोदरपणात रक्त जाणे. आणि सहावे, आधीच्या खेपेस असेच झालेले असणे. जिची एकदा मुदतीआधी पाणमोट फुटली, तिला पुढच्या खेपेस धोका जास्त. तिने पहिल्या महिन्यापासून डॉक्टरांच्या नजरेखाली असले पाहिजे.

आता वयाचे. विशीच्या आत बाळंत होणाऱ्या मुलींमध्ये झटके येणे, बाळंतपणानंतरचा जंतुदोष, मूल कमी दिवसांचे आणि कमी वजनाचे होणे, हे सर्व थोराड बायांपेक्षा अधिक आढळते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलीचे स्वतःचेच अंग अजून वाढत असते. एका ताटात दोघे जेवायला बसलेले असतात, आणि ताट तर मुळातच रिकामे.

ओळखावे कसे?

पाणमोट फुटली म्हणजे भळकन पाणी गेलेच पाहिजे असे नाही. वर बारीक चीर पडली तर थेंबथेंब पाणी झिरपत राहते आणि तिथेच फसगत होते. म्हणून या खुणा ध्यानात ठेवाव्यात.

लघवी दाबून धरता येते, हे पाणी दाबून धरता येत नाही. बसल्याचे उठले, खोकला आला, की आणखी येते. लघवीचा वास उग्र असतो, या पाण्याचा तसा नसतो. पांढरे जाते ते चिकट व दाट असते, हे पाण्यासारखे पातळ व कोमट. शंका असल्यास लघवी करून यावे, धुतलेला कोरडा पांढरा कपडा घ्यावा आणि अर्ध्या-एक तासाने पहावे. कपडा पुन्हा भिजला तर पाणी जात आहे असे समजून निघावे. कपडा बरोबर न्यावा, डॉक्टरांना दाखवावा. कपडा कोरडा राहिला तरी शंका फिटली नसेल, तर दाखवून यावेच.

पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर मुलाने पोटातच शी केली असा त्याचा अर्थ. पाण्याला घाण वास येत असेल, अंगात ताप असेल, रक्त जात असेल किंवा मुलाची हालचाल मंदावली असेल, तर कपड्याची परीक्षासुद्धा करत बसू नये, गाडी काढावी. क्वचित पाण्याबरोबर नाळ बाहेर येते. तेव्हा नाळेला हात लावू नये, ती आत ढकलू नये. बाईला गुडघ्यांवर व कोपरांवर ओणवे करून कंबर वर ठेवावी आणि तशाच स्थितीत न्यावे. तिथे मिनिटांचा प्रश्न असतो.

काय करावे, काय करू नये

पहिली गोष्ट, घड्याळ पहा आणि वेळ लिहा. डायरीत, भिंतीवर, तोडणीच्या चिठ्ठीच्या पाठीवर, कुठेही लिहा. पाणी जाऊन किती तास झाले यावर दवाखान्यातले पुढचे सगळे ठरते.

दुसरी गोष्ट, कळांची वाट पाहू नका. "पाणी गेलं पण कळा नाहीत" याचा अर्थ वेळ आहे असा नाही. कळा नसतानाच निघायचे असते.

तिसरी गोष्ट, १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही गाडी २०१४ पासून मोफत आहे. गरोदर बाईसाठी १०२ ची गाडीही आहे. फोनवर फडाचा ठावठिकाणा नीट सांगा. गाव, शिवार, गट नंबर आणि पक्क्या रस्त्यावरची खूण सांगा, आणि एक माणूस तिथे उभा करा. बाई खोपीत असताना गाडी गावभर हिंडत बसते, असे होते.

चौथी गोष्ट, बाईला गाडीत डाव्या कुशीवर निजवा. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचा कागद, आधार बरोबर घ्या. कागद सापडत नसेल तर कागदासाठी थांबू नका.

न करण्याच्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. सुईणीने किंवा कुणीही आत हात घालून पाहू नये. दर वेळी हात गेला की जंतू वर जातात. आत कपड्याचा बोळा कोंबू नये. नवराबायकोने जवळीक करू नये. कळा आणण्यासाठी काढे किंवा दुकानातून आणलेले इंजेक्शन देऊ नये. ट्रॅक्टरच्या मोकळ्या ट्रॉलीत नेऊ नये. जीप, रिक्षा, सभासदाची मोटार, जे जवळ असेल ते काढावे.

आणि कुठे न्यायचे? पुऱ्या दिवसांची असेल तर जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. मुदतीआधी असेल तर, शक्य असेल तेथवर, जिथे कमी दिवसांच्या मुलांना ठेवण्याची सोय आहे तिथेच. नांदेडकडे विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा श्यामनगरचे स्त्री रुग्णालय, लातूरकडे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, आणि लातूरच्या उत्तर कडेला असणाऱ्यांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. १०८ मधील डॉक्टर सांगतील तिकडे जावे. लवकर पोहोचणे महत्त्वाचे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त आणि घरी परत सोडणे हे सर्व मोफत आहे. पैसे नाहीत म्हणून घरी थांबण्याचे कारण नाही.

तास का मोजायचे?

पुष्कळांना वाटते, दवाखान्यात नेऊन तरी काय, मूल कच्चे ते कच्चेच. असे नाही. त्याची एक हकिकत सांगण्यासारखी आहे, आणि ती मेंढ्यांच्या कळपातली असल्यामुळे आपणांस पटेल.

न्यूझीलंड हा मेंढपाळांचा देश. तेथील ऑकलंड शहरात लिगिन्स नावाचे डॉक्टर गाभण मेंढ्यांवर अभ्यास करीत होते. कळा कशाने सुरू होतात हे त्यांना शोधावयाचे होते. त्यासाठी ते पोटातील कोकराला एक स्टिरॉईड औषध देत. एक कोकरू इतक्या लवकर जन्मले की त्याला श्वासच घेता येऊ नये. पण ते जगले. त्याची फुप्फुसे वेळेआधीच श्वासाला तयार झाली होती. लिगिन्स यांनी बालरोगतज्ज्ञ हॉवी यांना बरोबर घेऊन हा उपाय स्त्रियांवर केला आणि १९७२ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. कमी दिवसांच्या बाळंतपणाआधी आईला हे इंजेक्शन दिले तर मुलाचे श्वासाचे संकट कमी होते आणि मुले वाचतात.

कच्च्या मुलाच्या फुप्फुसातले बारीक फुगे आतून चिकटून राहतात. ते मोकळे ठेवणारा ओशट पदार्थ शेवटच्या आठवड्यांत तयार होतो. हे औषध तो लवकर तयार करवते. भारत सरकारने २०१४ साली याविषयी सूचना काढल्या. ३४ आठवड्यांआधीच्या बाळंतपणासाठी डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने, बारा-बारा तासांनी. औषध स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात मिळते. पण पूर्ण गुण यायला सुमारे एक दिवस जावा लागतो. तो दिवस फडात घालवला तर औषध दवाखान्यात असून उपयोग नाही.

याखेरीज डॉक्टर जंतुनाशक औषध देतात, त्याने जंतुदोष आवरतो आणि बाळंतपण काही दिवस पुढे ढकलायला मदत होते. ३४ आठवड्यांआधी ताप नसेल आणि मूल सुखरूप असेल तर आईला दवाखान्यातच निजवून दिवस वाढवतात. ३७ पुरे असतील तर कळा आणून मोकळे करतात. मधल्या काळात तपासून ठरवतात. मूल झाल्यावर ते आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणे, म्हणजे कांगारूसारखी ऊब देणे, आणि आईचे दूध, याने कमी वजनाची पुष्कळ मुले तगतात.

कोवळा ऊस

आम्ही शेतकी खात्याचे लोक हातातला रिफ्रॅक्टोमीटर लावल्याशिवाय ऊस तोडीस देत नाही. कोवळा ऊस तोडला तर उतारा पडतो, आणि खोडवाही हलका येतो. हे सभासदांना सांगून आमचा घसा बसला. पण घरातील लेकीचे वय पाहायला कोणते यंत्र लागते?

त्याच राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी जवळजवळ २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याची ही सरासरी झाली. मराठवाड्याच्या डोंगरी पट्ट्यात काय परिस्थिती आहे ते आम्ही कोप्यांत पाहतो. त्याचे एक कारण आपल्या धंद्यातच आहे. उचल मिळते ती जोडीवर. नवराबायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात. तेव्हा दसऱ्याआधी पोराचे लग्न झाले की घरात पूर्ण उचल येते. पोरीच्या बापालाही वयात आलेली लेक गावात एकटी सोडून सहा महिने परमुलखात जाण्याची भीती वाटते. दोघांचीही अडचण खरी आहे. पण ती भागते त्या पोरीच्या अंगावर.

कायदा स्पष्ट आहे. १९७८ पासून मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ ठरलेले आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ नुसार लग्न लावणारे, ठरवणारे, हजर राहणारे सगळेच दोषी धरले जातात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड आहे. खेड्यात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच प्रतिबंधक अधिकारी. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

यात एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अठराच्या आतील मुलगी गरोदर असेल तर दवाखान्याला पोलिसांत कळवावे लागते. या धाकाने काही घरे पोरीला दवाखान्यातच नेत नाहीत, किंवा खोटे वय सांगतात. खोट्या वयाने उपचारात घोटाळा होतो. आणि वय कमी आहे किंवा कागद नाहीत म्हणून तातडीचा उपचार कुणी नाकारू शकत नाही, हेही कायद्यातच आहे. लग्न लावताना कायदा आठवला नाही, तो पोरीचा जीव जात असताना आठवून उपयोग काय?

आपण काय करावयाचे?

गरोदर बाई गावी असते तेव्हा तिचे नाव आशाताईंच्या वहीत असते. ती हंगामाला निघाली की त्या वहीतून सुटते आणि आपल्या शिवारातल्या आशाताईंना ती ठाऊक नसते. मधले हे सहा महिने तिला वाली नसतो. राज्यात ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ झाले आहे, आणि कारखान्यांनी टनामागे त्यासाठी पैसे भरावयाचे आहेत. ते योग्यच आहे. पण फडातल्या बाईला पाणी जाते तेव्हा तिच्या जवळ महामंडळ नसते. जवळ असतो तो मुकादम, आमचा गटप्रमुख आणि शेताचा मालक, म्हणजे आपण.

शेतकी खात्याने या हंगामापासून काही गोष्टी सुरू केल्या आहेत. टोळी उतरली की गटप्रमुख कोयत्यांबरोबर गरोदर स्त्रियांचीही नोंद करतो आणि ती यादी आरोग्य केंद्राला व त्या शिवारातील आशाताईंना देतो. तोडणीच्या चिठ्ठीमागे १०८, १०२ आणि गटप्रमुखाचा नंबर छापला आहे. चिठ्ठीवर गट नंबर असतोच, त्यामुळे गाडीला पत्ता सांगणे सोपे होते. बाईला दवाखान्यात न्यावयाचे असल्यास त्या दिवसाची तोडणी चिठ्ठी रद्द धरू नये, ट्रॉली अर्धी असली तरी काट्यावर घ्यावी, असे ठरवले आहे.

सभासदांकडे आमचे मागणे थोडके आहे. आपल्या फडाच्या कडेला चार बांबू आणि जुनी ताडपत्री लावून आडोसा करून द्या. विहिरीचे चांगले पाणी पिण्यास द्या. सातवा महिना लागलेल्या बाईला मोळ्या वाहू देऊ नका, मुकादमास तसे स्पष्ट सांगा. तुम्ही मालक आहात, तुमचा शब्द तो मोडत नाही. तुमच्या घरातील कर्त्या बाईने एकदा फडावर जाऊन पोरीबाळींची विचारपूस करावी. आम्हा पुरुषांना जे कधी सांगितले जात नाही ते तिला सांगितले जाते. आणि वेळ आली तर तुमची गाडी द्या.

मुकादम मंडळींनाही विनंती. खाड्यापोटी रोजाचे पाचशे-हजार कापण्याचा रिवाज आहे. निदान दवाखान्याच्या दिवसाला खाडा धरू नका. खाड्याच्या भीतीनेच पोरी पाणी गेल्याचे लपवतात.

शेवटी एक सांगून पुरे करतो. ती पोरगी या हंगामाला त्याच टोळीबरोबर आली आहे. आता तिला विसावे वर्ष लागले आहे. ती पुन्हा गरोदर आहे, सातवा सरत आला आहे. आमच्या यादीत तिचे नाव पहिले आहे. तिला दोन वेळा तपासून आणले, रक्तवाढीच्या गोळ्या चालू आहेत, लघवीत दोष निघाला त्यावर औषध दिले. कोयता तिने हातात घेतलेला नाही, कोपीवर स्वयंपाक करते. परवा गटप्रमुखाने तिच्या नवऱ्याला विचारले, "पाणी गेलं तर काय करायचं रे?" तो म्हणाला, "आदी टैम बगायचा, मंग फोन लावायचा." त्याने कोपीच्या बांबूला खिळा ठोकून एक घड्याळ टांगले आहे. बाजारातून शंभर रुपयांना आणले म्हणाला.

गळीत हंगाम सर्वांना सुखरूप जावो.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते